दिलेला हात

‘‘पिवळा,’’ मी म्हणाले. ‘‘लालपेक्षा चार बोटं जवळ आहे.’’

‘‘चारच?’’

‘‘आडवी चार. माझी.’’

शेजारच्या खुर्चीतली म्हातारी हसली, तेव्हा मी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. उंच, हाडापेराने मजबूत, पांढरे केस पुरुषासारखे आखूड कापलेले, आणि मांडीवर लाल लोकरीचं काहीतरी अर्धवट विणलेलं. आमच्या समोर भलीमोठी काच होती आणि काचेपलीकडे बर्फाच्या लांबच लांब पट्ट्या. त्यातल्या एका पट्टीच्या टोकाला काही बायका कमरेत वाकून दोन दगडांवरून हुज्जत घालत होत्या. ‘‘कोणाचा जवळ आहे गं?’’ असं शेजारून विचारलं गेलं, आणि मी फार विचार न करता उत्तर देऊन बसले होते. पलीकडे कोणीतरी मापायचा दांडा आणला, तो गरकन फिरवला, आणि पिवळ्यावाल्या बायकांनी हात वर केले.

‘‘काय निघालं?’’ म्हातारीने विचारलं.

‘‘पिवळाच.’’

‘‘तुला येतो हा खेळ?’’

‘‘छे! आज पहिल्यांदा बघतेय. मी कॅरम खेळायचे.’’

कॅरम म्हणजे काय हे तिला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. लाकडी बोर्ड, सोंगट्या, स्ट्रायकर, बोरिक पावडर, कॉलेजच्या स्पर्धेतला माझा पहिला नंबर, सगळं सांगून झालं. ते ऐकून ती म्हणाली, ‘‘मंगळवारी संध्याकाळी ये. रबरी तळाचे बूट घाल.’’

गोष्ट जुनी आहे. त्या म्हातारीच्या तेव्हाच्या वयाची मीच आता झाले आहे. त्या वेळी माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. इचलकरंजीत उन्हाच्या झळा खात वाढलेली मी, यांच्या मागोमाग कॅनडातल्या हार्टवेल नावाच्या गावात येऊन पडले होते. श्रीरंग गुरांचे डॉक्टर. गाव कसलं, धान्याची दोन कोठारं, एक चर्च, एक पोस्ट आणि चहूकडे नजर पोचेल तिथवर पांढरं सपाट रान. हिवाळा असा की बाहेर नाक काढलं तर नाक तिथेच राहायचं. हे दिवसभर कोणाच्या तरी गोठ्यात, आणि मी घरात भिंतींशी बोलत. म्हणून त्या दिवशी यांनी मला कर्लिंग क्लबात आणून काचेमागे बसवलं आणि स्वतः कोणाच्या तरी अडलेल्या गाईकडे पळाले.

रात्री जेवताना मी मंगळवारचं सांगितलं, तर यांच्या हातातला घास हातातच राहिला.

‘‘मर्टल हॅगर्टीने बोलावलं? तुला?’’

‘‘का? मला बोलावू नये असं काय आहे?’’

‘‘अगं, ती तीनदा प्रांताची अजिंक्य झालीय. क्लबाची अख्खी भिंत तिच्या फोटोंनी भरलीय. मंत्र्याने बोलावलं असतं तरी मला एवढं आश्चर्य वाटलं नसतं!’’

मर्टलची कीर्ती मला त्या आठवड्यात पोस्टात, वाण्याकडे, जाईन तिथे ऐकायला मिळाली. लहानपणी घरची गरिबी, म्हणून जॅमच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतून, वर तारेची मूठ बसवून ती गोठलेल्या तळ्यावर खेळायची. पुढे पुरुषांना हरवायला लागली तेव्हा पुरुषांनी तिच्याशी खेळणं बंद केलं. पण अलीकडे दोन हिवाळे तिचे वाईट गेले होते. नेम सुटायला लागला होता. लोक तोंडावर काही बोलत नसत, तिथे तशी पद्धतच नाही. पण पाठीमागे मान हलवायचे. ते तिच्या कानावर गेलं असावं. हिवाळ्याच्या सुरुवातीच्या सभेत तिने उभं राहून सांगितलं होतं, की मार्चमध्ये सात गावांचा चषक आहे. तो मी जिंकला तर पुढेही मीच कर्णधार. हरले तर त्या दिवशी झाडू खाली ठेवीन आणि जन्मभर काचेमागे बसेन. मर्टलचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं.

आणि एवढी प्रतिज्ञा करून बाईने संघात घेतलं कोणाला? तर मला!

खेळ तसा सोपा. जात्याची वरची तळी असते ना, तसा गोल जड दगड, खुंट्याच्या जागी मूठ. तो बर्फावरून सरपटत सोडायचा. दुसऱ्या टोकाला बर्फाखाली रंगीत वर्तुळं काढलेली असतात. त्यांना ते लोक ‘घर’ म्हणतात. ज्याचा दगड घराच्या मधोमध सगळ्यांत जवळ, त्याचे गुण. दगड निघाला की दोघी झाडू घेऊन त्याच्या पुढे धावतात आणि बर्फ खसाखसा घासतात, म्हणजे तो लांब जातो आणि कमी वळतो. कर्णधार घरात उभी राहून सगळं सांगते, आणि शेवटचे दगड तिचे स्वतःचे. मला पहिले दगड टाकायचे होते, आणि नंतर झाडायचं होतं.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘इथे केर काढ म्हटलं की तुझ्या कपाळाला आठ्या, आणि तिकडे स्पर्धेत झाडतेस होय? ऐकावं ते नवलच!’’

संघात आणखी दोघी होत्या. बेव्ह पोस्टमास्तरीण, जिभेला हाड नसलेली. आणि ओल्गा, पावाच्या भट्टीची मालकीण, दिवसाकाठी चार शब्द बोलणारी. पहिल्याच मंगळवारी मी बर्फावर अशी आपटले की बेव्हने मला उठवायच्या आधी मर्टललाच विचारलं.

‘‘मर्टल, चषक जिंकायचाय ना आपल्याला?’’

‘‘जिंकायचाय.’’

‘‘मग ही?’’

‘‘हीच,’’ मर्टल म्हणाली. ‘‘वासू, उठलीस का? आता सांग, घरात काय आहे?’’

माझं नाव वसुधा. त्याचं त्यांनी वासू केलं होतं. वासू हा आमच्या वाड्यातला इस्त्रीवाला, पण ते सांगायच्या भानगडीत मी पडले नाही. मी कपडे झटकत घराकडे पाहिलं आणि सांगितलं, ‘‘दोन लाल, एक पिवळा. पिवळा मध्याच्या मागे, वीतभर. एक लाल त्याला चिकटलेला. दुसरा लाल घराच्या दारात, म्हणजे पुढच्या कडेला, थोडा डावीकडे.’’

‘‘कोणाच्या डावीकडे?’’

‘‘तुमच्या.’’

‘‘शाब्बास. नेहमी माझ्याच बाजूने सांगायचं.’’

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण मनातल्या मनात माझ्यासाठी ती मर्टलबाईच होती.

तेव्हापासून हा परिपाठ पडला. प्रत्येक दगडानंतर तिचा प्रश्न यायचा, घरात काय आहे? किती जवळ? आड कोण येतंय? मी बोटांत, वितींत, सोंगट्यांच्या हिशेबात सांगायची. ती मान किंचित तिरकी करून ऐकायची आणि मग बेव्हला, ओल्गाला हुकूम सोडायची. आम्ही जिंकत गेलो. पहिला सामना, दुसरा, मग शेजारच्या दोन गावांचे संघ. मी पडायची थांबले. झाडताना माझे दंड असे भरले की आईने शिवून पाठवलेले ब्लाऊज चढेनात.

पण मला एक कोडं काही सुटत नव्हतं. मीच का? गावात चांगल्या खेळणाऱ्या बायका कमी नव्हत्या.

‘‘म्हातारीला मूलबाळ नाही,’’ हे म्हणाले. ‘‘जीव लावला असेल तुला.’’

‘‘माज आहे, दुसरं काय!’’ बेव्हचं मत पडलं. ‘‘तिला दाखवायचंय की दगडाला शेंदूर फासला तरी मी त्याचा देव करते. तू तो दगड. आणि तुला एवढं शिकवत बसते, मला कधी एक प्रश्न विचारला नाही तिने तीस वर्षांत.’’

शेवटी मी मर्टललाच विचारलं. तिला घरून क्लबात न्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. तिची जुनी पिकअप दारात बर्फाखाली उभी असायची, पण ती म्हणायची, तुला गाडीचा सराव होऊ दे. गाडीत मी म्हटलं, ‘‘मर्टलबाई, खरं सांगा, मला का घेतलंत?’’

ती खिडकीबाहेर बघत होती. ‘‘तुला जे दिसतं ते तू सांगतेस,’’ ती म्हणाली. ‘‘बेव्हला जे हवं असतं ते तिला दिसतं. खेळ मुरला की सगळ्यांचं तेच होतं.’’

माझं पुरतं समाधान झालं नाही, पण ऐकून बरं वाटलं.

दुसरं कोडं टोपीचं. ते लाल विणकाम म्हणजे बेव्हसाठी टोपी निघाली, टोमॅटोसारखी लालभडक, वर नारळाएवढा गोंडा. कर्णधाराची पाळी आली की घरात बेव्ह उभी राहायची आणि नेम धरायची जागा झाडूने दाखवायची. तेव्हा ती टोपी डोक्यावर असलीच पाहिजे असा मर्टलचा दंडक होता. ‘‘डोक्यातून घामाच्या धारा लागतात,’’ बेव्ह कुरकुरायची. ‘‘नशिबाची टोपी आहे,’’ मर्टल म्हणायची, ‘‘काढलीस तर हरू.’’ मी यांना सांगितलं तेव्हा हे खो खो हसले. म्हणाले, आपल्याकडे सामना रंगात आला की कोणी खुर्चीवरून उठत नाही, त्यातलंच हे. पळसाला पानं तीनच.

मार्च उजाडला. चषकाचे सामने आमच्याच गावात होते, आणि आम्ही अंतिम फेरीत पोचलो. समोर शेजारच्या गावची लॉरेन. चाळिशीची, चपळ, आणि हा खेळ मर्टलच्याच हाताखाली शिकलेली. त्या दिवशी काचेमागे मुंगी शिरायला जागा नव्हती. कोणाच्या गाईचीही त्या दिवशी अडायची हिंमत झाली नाही; हेसुद्धा पहिल्या रांगेत होते.

सामना अगदी काट्याचा झाला. शेवटच्या डावात गुण बरोबरीत. एकच दगड लॉरेनचा, आणि मग सगळ्यांत शेवटचा मर्टलचा. म्हणजे हुकमाचं पान आमच्या हातात. आमचा एक लाल मधोमध बसला होता, दुसरा दारात, आणि समोर दोन दगडांचा आडोसा. मला वाटलं, झालं, जिंकलो.

मग लॉरेनने तो दगड टाकला.

तो पहिल्यांदा भलतीकडेच निघाल्यासारखा वाटला. मग हळूच वळायला लागला, आडोशाच्या दोन दगडांमधून अंग चोरून आत शिरला, मधोमधच्या लालला त्याने असं अलगद ढकललं की तो मागे घराबाहेर सरकत गेला, आणि स्वतः त्याच्या जागी जाऊन बसला. काचेमागे एक टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. बेव्हने डोळे मिटून घेतले. ओल्गा मुळात बोलणारी नव्हतीच.

आणि मला काय झालं? मला आनंद झाला! कोणाचं काय पणाला लागलंय हे क्षणभर मी पार विसरले. इतकं देखणं काही मी कुठल्याच बोर्डावर पाहिलं नव्हतं. आमच्या अण्णांनी कॅरम शिकवताना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, समोरच्याने डोळ्यांचं पारणं फेडणारा शॉट मारला तर तोंड वाकडं करायचं नाही, उठून हात मिळवायचा. घरच्या वळणाला औषध नसतं. लॉरेन घसरत आमच्या टोकाला येऊन थांबली, आणि मी हातमोजा काढून, हसत, तिच्यापुढे हात केला.

‘‘वासू, नाही!’’ बेव्ह किंचाळली. ‘‘हात नाही द्यायचा! अरे देवा, वासूने हात दिला!’’

लॉरेनचा हात अर्ध्यावर आला होता, तो तिने चटका बसल्यासारखा मागे घेतला. मला काही कळेना. मी एकीकडून दुसरीकडे बघत राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी अक्षरशः करून बसले होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

‘‘मर्टल, हिला माहीत नाही,’’ लॉरेन घाईघाईने म्हणाली. ‘‘मी तिचा हात पाहिलाच नाही, समजलं? तुझा दगड टाक.’’

मर्टल घरापासून काही हातांवर उभी होती. तिने विचारलं, ‘‘वासूने दिला? स्वतःहून?’’

‘‘हो, पण अगं—’’ बेव्ह म्हणाली.

मर्टलने मान तिरकी केली, नेहमी माझं ऐकताना करायची तशी. ती घराकडे वळली. मग तिने उजव्या हातातला मोजा बोटा-बोटाने काढला.

‘‘मग संपलं,’’ ती म्हणाली. ‘‘छान टाकलास, लॉरेन.’’ आणि तिने हात पुढे केला.

त्या खेळात सामना संपायच्या आत हात देणं म्हणजे हार कबूल करणं असतं. हे मला बेव्हने कपडे बदलायच्या खोलीत सांगितलं. पूर्ण हिवाळाभर आमच्याशी हरलेल्या संघांनी आम्हांला हात दिले होते, आणि मला वाटलं होतं ही माणसं सभ्य आहेत. त्याचा अर्थ मला कोणी सांगितला नव्हता, कारण ते सांगावं लागतं हेच कोणाला सुचलं नसणार. पाणी ओलं असतं हे कोण कोणाला सांगतं? धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. मी भिंतीशी तोंड करून रडले. बेव्हने माझ्या पाठीवरून हात फिरवला, पण तिचेही डोळे लाल होते.

सामना झाला की जिंकलेल्यांनी हरलेल्यांना आपल्या टेबलाशी बसवून पेय पाजायचं, अशी तिथली रीत. मला पळून जायचं होतं, पण मर्टलने मला दंडाला धरून शेजारी बसवलं. लोक येऊन तिचा हात हातात घेत होते. तिचं कौतुक चाललं होतं. संघातल्या नवख्या मुलीने चुकून दिलेला हातसुद्धा तिने आपला मानला, याला म्हणतात अजिंक्य! मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

‘‘तुझ्या जागी मी असते तर नसतं जमलं मला,’’ लॉरेन म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘‘तेही हातात शॉट असताना.’’

मर्टलचा पेला ओठांशी गेलेला तिथेच थांबला.

‘‘शॉट होता?’’

‘‘होता की! तुझा लाल दारात होता ना, थोडा उजवीकडे? त्याच्यावर नेमका आदळवला असतास तर तो सरळ माझ्या पिवळ्यावर. अवघड होता, पण तू असले किती मारलेस. तू बघितलंच असशील.’’

‘‘हो,’’ मर्टल म्हणाली. ‘‘बघितलं ना.’’

तिने पेला खाली ठेवला, आणि तो अर्धा टेबलाबाहेर ठेवला गेला. मी तो आत सरकवला. घरी सोडताना गाडीत माफी मागायला मी तोंड उघडलं की तिचा हात वर व्हायचा. दारात उतरताना म्हणाली, ‘‘उद्या जेवणं झाली की ने मला क्लबात. आणि बेव्हची टोपी मागून आण.’’

दुसऱ्या दिवशी क्लब ओसाड होता. हंगाम संपला होता आणि संध्याकाळी यंत्रं बंद करून बर्फ वितळू देणार होते. काचेमागच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या. मर्टलने कोट काढून ठेवला.

‘‘काल शेवटी घरात जसं होतं तसं लाव,’’ ती म्हणाली. ‘‘लक्षात आहे?’’

लक्षात नसायला काय झालं? रात्रभर डोळ्यांसमोर दुसरं काही नव्हतंच. मी एकेक दगड ढकलत त्याच्या जागी नेला. दोन आडोशाला, लाल दारात, पिवळा मधोमध. मर्टल एक दगड घेऊन पलीकडच्या टोकाला गेली.

‘‘आता टोपी घाल!’’ तिथून ती ओरडली. ‘‘आणि झाडू धर.’’

‘‘आज कशाला टोपी? बघायला कोण आहे इथे?’’

‘‘मी आहे ना. टोपी नसली तर तू मला दिसत नाहीस, वासू.’’

मी झाडू टाकला आणि सगळी पट्टी चालत तिच्याकडे गेले.

‘‘दिसत नाही म्हणजे?’’

‘‘कडा दिसतात,’’ ती म्हणाली. ‘‘मधलं दिसत नाही. जिथे बघावं तिथलं पुसल्यासारखं होतं. बाजूने बघितलं तर लाल रंग तेवढा कळतो. डॉक्टर म्हणतो, यावर चष्मा नाही. दोन हिवाळे झाले.’’

‘‘बेव्हला माहीत आहे?’’

‘‘कोणालाच नाही. कळलं असतं तर सगळ्यांनी प्रेमाने उचलून काचेमागे ठेवलं असतं मला. कर्णधाराने जुन्या खेळाडूला विचारलं, घरात काय आहे, तर लगेच बोभाटा होतो. नवखीला दिवसभर विचारत राहिलं तर लोक म्हणतात, किती छान शिकवते.’’

मला तो पहिला दिवस आठवला. काच समोर, दगड समोर, आणि शेजारून आलेला तो प्रश्न. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते काय खोटं नाही.

‘‘मग काल...’’ मी म्हटलं.

‘‘काल लॉरेनचा दगड आला आणि सगळे चूप झाले. मी तुझी वाट बघत होते, तू आता सांगशील म्हणून. आणि बेव्ह ओरडली, वासूने हात दिला. मी म्हटलं, वासूने दिला म्हणजे घरात आपल्यासाठी काही उरलेलं नाही. तुझी नजर एकदाही चुकली नव्हती.’’

गाव म्हणत होतं तत्त्व. तत्त्व नव्हतं, माझ्यावरचा विश्वास होता. मी तिथेच बर्फावर मटकन बसले आणि हमसून हमसून रडायला लागले.

‘‘रडणं नंतर,’’ मर्टल म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या पोरीला बंद डब्यात काय आहे ते बघायचं असावं, तशी घाई होती. ‘‘हरले त्याचं मी बघून घेईन. शब्द दिला होता, तो पाळेन. पण मला रात्रभर झोप नाही, वासू. तो शॉट होता का, एवढं मला कळलं पाहिजे. जा, उभी राहा.’’

मी डोळे पुसले, टोपी कानांपर्यंत ओढली आणि घरात जाऊन झाडू धरला. तिने गुडघा वाकवला. त्या वयातही ती बर्फावरून अशी घसरत यायची की वाटावं हिला वजनच नाही. दगड तिच्या हातून सुटला आणि गुरगुरत आला. दारातल्या लालला न लागताच तो पुढे निघून गेला.

‘‘चुकला!’’ मी ओरडले.

‘‘कुठल्या बाजूने?’’

‘‘तुमच्या उजवीकडून! तळहातभर!’’

‘‘दुसरा आणते.’’

दुसरा लागला, पण कडेला. लाल हलला आणि पिवळ्याच्या शेजारून निसटून गेला. ‘‘दोन बोटं!’’ मी सांगितलं. ‘‘आता डावीकडे झाला!’’ ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. तिने आपले तळवे मांडीवर घासले. मी लाल उचलून त्याच्या जागी ठेवला, आणि ठेवताना पुन्हा पुन्हा तपासला, कारण आता मलाही ते कळल्याशिवाय चैन पडणार नव्हतं.

तिसऱ्याच्या वेळी तिने बराच वेळ घेतला. मग ती सुटली. दगड आला तो आधीच्या दोघांपेक्षा सावकाश आला, इतका सावकाश की मला पुढे धावून झाडावंसं वाटलं, पण मी हलले नाही. मी हलले असते तर टोपी हलली असती.

टक्.

आणि मग दुसऱ्यांदा, बारीकसा, टक्.

पिवळा दगड कडेच्या वर्तुळाबाहेर जाऊन, आपल्याशीच फिरत फिरत, पार मागे निघून गेला. लाल मधोमध होता.

‘‘दोनदा वाजलं!’’ मर्टल लांबून म्हणाली. ती दगड सोडला तिथेच एका गुडघ्यावर होती. ‘‘राहिलं कोण? वासू! बोल की, राहिलं कोण घरात?’’

मी झाडू खाली ठेवला आणि चालत निघाले. ती उठून उभी राहिली होती, मान तिरकी करून माझी पावलं ऐकत होती. जवळ गेल्यावर मी हातमोजा काढला आणि हात पुढे केला.

ती माझ्याकडेच बघत होती, पण तिला तो दिसला नाही. तो तसाच आमच्यामध्ये राहिला. मग मी तिचा हात शोधला आणि माझा हात त्यात दिला.

तिची बोटं क्षणभर माझ्या बोटांवरून फिरली. हा कोणता हात, मोजा का काढलाय, हे तिला कळलं. तिने माझा हात सोडला नाही.

‘‘नीट बघितलंस?’’ तिने विचारलं.

‘‘नीट बघितलं, मर्टलबाई,’’ मी म्हणाले. ‘‘या वेळी मला माहीत आहे, हात कशासाठी देतात.’’